कलेची उसनवारी : सावळज, वाटेगाव आणि आपले जलसे

वर्धापन दिनाच्या कार्यक्रमाची बैठक बसली तेव्हा एक वाद झाला, तो आधी सांगून टाकतो. तरुण मंडळींचं म्हणणं पडलं की संध्याकाळच्या भीमगीतांना ढोलकी आणि हलगी घ्यायची, नुसत्या कीबोर्डवर मजा येत नाही. त्यावर एक ज्येष्ठ उपासक उठले आणि म्हणाले, "हलगी आम्ही धम्मदीक्षेबरोबर गावच्या वेशीवर टाकून आलो. ती परत विहाराच्या दारात आणताय व्हय?" सभा शांत झाली. त्यांच्या वडलांनी गावकीचं वाजवलेलं होतं, शिळ्या भाकरीवर वाजवलेलं होतं. त्यांच्या बोलण्याला उत्तर नव्हतं. पण पोरांचंही काही चुकत होतं असं आम्हाला वाटेना.

त्या बैठकीनंतर आम्ही जुनी पुस्तकं चाळली, चार म्हाताऱ्या माणसांशी बोललो. आपल्या सातारा-सांगली भागातला कलावंत कुणाकडून काय शिकला, काय घेतलं, काय टाकलं, एवढाच शोध होता. शेजारणीकडून वाटीभर पीठ उसनं आणावं आणि भाकरी मात्र आपल्या तव्यावर आपल्या हातानं थापावी, तशी ही उसनवारी आहे. तिचा इतिहास बराच मोठा निघाला.

सुरुवात सांगलीच्या राजवाड्यापासून करू. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्यापुढं कर्नाटकातल्या भागवत मंडळींनी आपले खेळ केले. ते पाहून राजेसाहेबांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसाच खेळ मराठीत रचायला सांगितला. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर' झालं आणि मराठी नाटकाचा आरंभ म्हणून ती तारीख आपण शाळेत पाठ केली. शाळेत न सांगितलेली एक गोष्ट अशी की हे भावे हातानं लाकडाच्या बाहुल्या घडवणारे कारागीर होते. पुढं त्या बाहुल्या रामदास पाध्ये यांनी शोधून काढून पुन्हा नाचवल्या. म्हणजे मराठी नाटक जन्मलं तेच कानडी खेळाचा आराखडा, कीर्तनातलं आख्यान आणि बाहुलीवाल्याची नजर एकत्र घेऊन. त्या नाटकात पदं तेवढी लिहिलेली असत आणि ती सूत्रधार म्हणे. पात्रांचं बोलणं मात्र तोंडचं, वेळेला सुचेल तसं. ही खूण ध्यानात ठेवा, ती पुढं लागणार आहे.

सांगलीत हे चाललं असताना तासगाव तालुक्यात सावळज नावाच्या गावी दोन मांग कलावंत होते. उमा आणि बाबू. लोक त्यांना एकच नाव देऊन 'उमाबाबू सावळजकर' म्हणत. तमाशा तेव्हाही होता, पण त्यात गोष्ट नव्हती. गण व्हायचा, मग गौळण, मग लावण्या, मध्ये सोंगाड्याची बतावणी, आणि कलगीवाले-तुरेवाले यांचे भेदिक सवाल-जबाब. रात्र सरायची, पण कुणी राजा झाला, कुणी चोर झाला आणि दोघांची गाठ पडली, असं काही घडायचं नाही. १८६५ च्या सुमारास या उमाबाबूंनी 'मोहना-बटाव' नावाचा वग उभा केला. तमाशातला पहिला वग म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. आज ज्याला आपण तमाशातलं नाटक म्हणतो ते तिथून सुरू झालं.

सांगलीतलं नाटक १८४३ चं आणि सांगली जिल्ह्यातल्या सावळजचा वग त्यानंतर बावीस-एक वर्षांनी. हा निव्वळ योगायोग आहे असं आम्हाला वाटत नाही. दोन्हींची जडणघडण बघा. वगातही गाण्याचे तुकडे तेवढे बांधलेले, आणि मधलं बोलणं नटानं उभ्या उभ्या रचायचं. पोवाड्याकडून गोष्ट सांगायची चाल आली, कीर्तनातून आख्यान आलं, नाटकातून सोंग आलं, आणि सवाल-जबाबात तयार झालेली जीभ तर तमासगिराच्या तोंडात आधीपासून होतीच. भेदिकात समोरचा काय विचारील याचा नेम नसतो, क्षणात उत्तर द्यावं लागतं. त्या तालमीतून गेलेल्या माणसाला संवाद लिहून द्यायची गरज काय पडणार? ज्याला अक्षरओळख नाही असा सोंगाड्या तासभर लोकांना हसवायचा ते या जोरावर.

राजवाड्यातल्या नाटकाला नाट्यगृहं मिळाली, दरवर्षी रंगभूमी दिन साजरा होतो. सावळजच्या वगाला काय मिळालं ते आम्ही वेगळं सांगत नाही.

अशीच एक गोष्ट मिरजेची. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, कर्नाटक संगीत ऐकून त्यातली सरगमची रीत त्यांनी आपल्या गाण्यात आणली. त्याला सगळे विद्वान 'साधना' म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. मिरजेतच हत्यारांना पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या. आज देशभरचे गवई मिरजेचा तंबोरा मागतात. पण हीच उसनवारी आपल्या वस्तीतल्या माणसानं केली की 'भेसळ' म्हणायची रीत आहे. सिनेमाची चाल घेतली, कव्वालीचा ठेका घेतला, शास्त्र सोडलं, असं. हा दुजाभाव आम्हाला पटत नाही.

उलट दिशेनं आलेला एक माणूसही या मातीतला. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष गावचा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. जातीनं ब्राह्मण. जात्यावरच्या ओव्या आणि तमाशाच्या फडातली गाणी ऐकून वेडा झाला. घर सुटलं, जातीनं टाकलं, आणि तो पठ्ठे बापूराव झाला. त्याला शिकवलं कुणी? महार-मांगांच्या फडांनी. ढोलकीच्या बोलावर शब्द कसा बसवायचा, झीलकऱ्यांना ओळ कुठं सोडायची, हे काही पाठशाळेत शिकवत नव्हते. आणि त्याचं काव्य गाजलं ते पवळाच्या गळ्यातून आणि पायांतून. पवळाबाई संगमनेर भागातल्या हिवरगाव पावसा इथल्या, महार समाजातल्या. मुंबईत या दोघांचं नाव जाहिरातीत आलं की थिएटर भरायचं. बापूरावांचं नाव पुस्तकांत मोठ्या अक्षरात आहे, पवळाबाईंचं लहान अक्षरात. पण शिकवणी कुणाची फिटली आणि कुणाची राहिली, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

या दोघांची आणि बाबासाहेबांची एक हकिकत जुने लोक सांगतात, पुस्तकांतूनही ती आलेली आहे. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या काळातली. चळवळीला मदत म्हणून तमाशाच्या खेळाचं उत्पन्न द्यायचं पठ्ठे बापूरावांनी मनात आणलं. बाबासाहेबांनी ते पैसे घेतले नाहीत. आपल्याच समाजाच्या बाईला नाचवून जमवलेला पैसा चळवळीला नको, असं त्यामागचं कारण. तेव्हा चळवळीला पैशाची किती ओढ होती हे आपण जाणतो. तरीही नाही म्हटलं.

आमच्या बैठकीतल्या ज्येष्ठांचं बोलणं याच धाग्याला धरून होतं. म्हणून पुढचा प्रश्न फार नाजूक आहे. बाबासाहेबांनी तमाशाचा पैसा नाकारला, मग त्याच तमाशातून निघालेला जलसा त्यांना कसा चालला? चालला म्हणण्यापेक्षा त्यांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं.

याचं उत्तर समजायला थोडं मागं, सत्यशोधकांकडं जावं लागेल. महात्मा फुल्यांचं मूळ गाव कटगुण, साताऱ्यातल्या खटाव तालुक्यातलं. सत्यशोधक समाज १८७३ चा. फुल्यांच्या पश्चात या समाजाचं काम सातारा जिल्ह्यात खेड्यापाड्यांत पोचलं ते जलशांमुळं. सातारा जिल्हा म्हणजे तेव्हाचा, आजचा सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यात होता. वर्तमानपत्र वाचणारे गावात दोन आणि तमाशा बघणारं सगळं गाव. तेव्हा जलसेवाल्यांनी तमाशाचा सांगाडा तसाच उचलला. गण ठेवला, पण गणपती म्हणजे गणांचा पती, लोकांचा धनी, असा अर्थ फिरवला. गौळणीतल्या थट्टेचा रोख भटशाहीकडं वळवला. वगात सावकार आणि भटजी आले. ढोलकी, तुणतुणं, कडी, झांज सगळं तेच. कासेगावात राहिलेल्या गेल ऑम्व्हेट यांनी सत्यशोधक चळवळीच्या अभ्यासात या जलशांना मोठी जागा दिली आहे. आपल्या आजोबांची करमणूक हा अभ्यासाचा विषय आहे हे आम्हाला त्यांच्या पुस्तकांवरून कळलं.

आंबेडकरी जलसा हा याच्या पुढचा टप्पा. नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी १९३० च्या दशकात जलसा उभा केला आणि तो गावोगाव फिरला. कर्डकांनी पुढं १९७८ मध्ये 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला हे नीट माहीत आहे. नाहीतर तेही हवेत गेलं असतं. या जलशात काय केलं बघा. बाईला नाचवणं बंद. शृंगाराची लावणी बंद. तिच्या जागी पाणवठा, मेलेलं जनावर न ओढणं, शाळेत पोर घालणं, दारू सोडणं हे विषय. पण कारागिरी? ती मात्र एक इंचसुद्धा सोडली नाही. सोंगाड्याची वेळ साधायची कला तीच, सवाल-जबाबाची धार तीच, ढोलकीची तोड तीच. अडाणी माणसाला रात्रभर जागं ठेवायचं कसब ज्यांच्याकडं होतं त्यांच्याकडूनच ते घेतलं. पैसा नाकारला तो बाईच्या अपमानातून आला म्हणून. कला नाकारलेली नव्हती. आमचा समज तरी असा झाला आहे, आणि बैठकीत आम्ही तो मांडला.

जलसेवाल्यांची दुसरी शाळा भजनाची. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजीबाबा कबीरपंथी होते, घरात रोज भजन आणि संतांची वचनं. साताऱ्यात हे कुटुंब राहत होतं आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी छोट्या भीमरावांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झालं. ती तारीख आपण विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. कबीरपंथी, वारकरी अशी भजनी मंडळं आपल्या वस्त्यांतून होती. एकतारी, चिपळ्या, नंतर पेटी. आवाज लांबवर फेकायचा तो तमाशाचा, आणि शब्द सावकाश मनात उतरवायचा तो भजनाचा. आपल्या जुन्या गायकांच्या गळ्यात हे दोन्ही सापडतं, कान देऊन ऐकलं तर.

आता वाटेगाव. वाळवे तालुका, १ ऑगस्ट १९२०. अण्णा भाऊ साठ्यांबद्दल इतकं लिहिलं गेलंय की आम्ही नवं काय सांगणार? पण कलावंत म्हणून त्यांनी किती दारं ठोठावली ते कुणी एका ठिकाणी मांडत नाही. शाळा दीड दिवसाची. लहानपणी गावात दांडपट्टा शिकले. ओव्या, पोवाडे, पोथ्यांतल्या गोष्टी ऐकून ऐकून पाठ. वडलांबरोबर मुंबईला गेले ते पायी. तिथं दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचत अक्षरं पक्की केली. गावी परतल्यावर भाऊबंदांपैकी बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात शिरले. पेटी, ढोलकी, तबला, बुलबुलतरंग, जे हाती येईल ते वाजवलं. सोंगं घेतली. मग पुन्हा मुंबई, गिरणी, लाल बावटा. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक निघालं.

या तिघांची जोडणी बघण्यासारखी आहे. अमर शेख बार्शीकडचे, त्यांचा आवाज डोंगरासारखा. गव्हाणकर शाहीर. अण्णा भाऊ तमाशातले. अण्णा भाऊंनी तमाशातला गणपतीचा गण काढला आणि मायभूमीला, कष्टकऱ्याला वंदन घातलं. गौळण गाळली. नाचीची जागा राहिली नाही. पुढं मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा त्याच सांगाड्याला 'लोकनाट्य' हे नाव रूढ झालं आणि 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'माझी मुंबई' असे खेळ कामगारांच्या चाळीचाळींत झाले. आणि लेखक म्हणून बघा. 'फकिरा' कादंबरी १९५९ ची, ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तीत लढाईचं वर्णन आलं की पट्टा फिरवलेल्या हाताला ठाऊक असलेली चपळाई दिसते, आणि माणसं बोलायला लागली की वगातल्यासारखी ठेक्यात बोलतात. हे पुस्तकं वाचून येत नाही. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन अण्णा भाऊंनी केलं, हे आपल्या पोरांनी विसरू नये. जयंत्यांच्या दिवशी मातंग वस्ती आणि बौद्ध वस्ती वेगवेगळे मांडव घालतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

याच काळात, १९४३ ते १९४६, क्रांतिसिंह नाना पाटलांचं पत्री सरकार या भागात होतं आणि शाहीर शंकरराव निकमांचे पोवाडे गावोगाव होत. पोवाडा बातमी पोचवतो हे इंग्रज सरकारला आपल्या लोकांआधी कळलं होतं.

मिरज तालुक्यातलं कवलापूर विसरून चालणार नाही. तिथल्या खाडे घराण्यात तमाशा पिढ्यांनी चालला. लहू आणि अंकुश हे जुळे भाऊ 'काळू-बाळू' म्हणून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. 'जहरी प्याला' वगातले त्यांचे दोन हवालदार ज्यांनी पाहिले ते अजून सांगताना हसतात. सारखे दिसणारे दोघं, त्यातला कोण कुठला हा घोळ, आणि एकाच्या तोंडातलं वाक्य दुसऱ्यानं अर्ध्यात उचलायचं. गंमत दिसते सोपी. झीलकऱ्यानं ओळ उचलावी तशीच ती उचल आहे, गाण्यातली बोलण्यात आणलेली. काळू म्हणजे लहू खाडे २०११ मध्ये गेले.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या लोकांपुढं पेच पडला. गावकीची कामं सोडली, तसं वाजवणंही सोडलं. कित्येक घरांत भिंतीवरचा डफ उतरवला गेला. जत्रेत नाचणं, पालखीपुढं वाजवणं, लग्नात पाटलाच्या दारात उभं राहणं बंद. सोडलं ते योग्यच सोडलं, त्यात अपमान होता. पण बोटांत जे होतं त्याचं काय करायचं? जी बोटं पिढ्यान् पिढ्या ठेका धरत होती ती गप्प कशी बसणार?

ती कव्वालीकडं वळली. मुंबईच्या चाळींत मुसलमान कव्वाल शेजारी होते. पेटी, ढोलक, बेंजो, टाळ्या, आणि मुखड्याआधी म्हटला जाणारा शेर. आपल्या गायन पार्ट्यांनी हे सगळं उचललं. कव्वालीतला मुकाबला आणि तमाशातला सवाल-जबाब हे सख्खे भाऊ निघाले. मग दोन पार्ट्यांचा 'जंगी सामना' आला. त्याची पत्रकं अजून काहींनी पेटीत जपली आहेत. रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत. एका पार्टीनं बुद्धचरित्रातला प्रश्न टाकायचा, दुसऱ्या पार्टीनं गाण्यातच उत्तर द्यायचं. कलगी-तुऱ्यात ब्रह्म-मायेचे प्रश्न असत, इथं चार आर्यसत्यं आली. वामनदादा कर्डक गावोगाव हिंडत गाणी रचत राहिले ते २००४ मध्ये जाईपर्यंत. प्रल्हाद शिंद्यांनी विठ्ठलाची गाणीही गायली आणि भिमाचीही, त्यांचा गळा दोन्हीकडं तसाच खुला.

बायकांची उसनवारी तर कुणी मोजलीच नाही. जात्यावरच्या ओवीत पूर्वी राम-सीता असत, भाऊराया असे. तिथं बाबासाहेब आणि रमाई आल्या. ओवीची चाल तीच, दळणाची लय तीच. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून हजारो ओव्या गोळा केल्या, त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या पुष्कळ आहेत. जातं गेलं, तरी आमच्या विहारातल्या दोन आजींना त्या चाली येतात. पौर्णिमेला त्यांना बोलतं करावं लागतं एवढंच.

आणि शाहीर विठ्ठल उमप. मुंबईच्या नायगावात १९३१ साली जन्म. आंबेडकरी जलशातून आले. पोवाडा, कोळीगीत, कव्वाली, गझल सगळं गायले. उतारवयात त्यांनी 'जांभूळ आख्यान' गोंधळाच्या अंगानं उभं केलं. गोंधळ म्हणजे देवीचं विधान, ते आपण सोडलेलं. उमपांनी देवी बाजूला ठेवली, गोंधळ्याची नाचत गोष्ट सांगायची रीत घेतली, आणि एकटा माणूस क्षणात द्रौपदी, क्षणात कर्ण होऊ शकतो हे मोठमोठ्या नाटकवाल्यांना दाखवलं. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात, कार्यक्रमातच, ते कोसळले आणि गेले.

बैठकीचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. दुसऱ्या बैठकीत आम्ही वरच्यापैकी थोडं वाचून दाखवलं. ज्येष्ठ उपासक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ढोलकी येऊ द्या, हलगी नको, निदान आम्ही हयात आहोत तोवर. पोरांनी मानलं. पण ढोलकी वाजवणार कोण? वस्तीत कुणालाच धड येईना. शेवटी ओढ्यापलीकडच्या मातंग वस्तीतल्या एका वस्तादांकडं आमची तीन पोरं आणि एक मुलगी गेले दोन महिने रोज संध्याकाळी जातात. वस्तादांचं वय झालंय, पैसे घ्यायला तयार नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी ढोलकीला हातच लावू दिला नाही. मांडीवर बोल वाजवायला लावले, आणि मुलीला म्हणाले, आधी पायानं चाल, मग हातानं वाजव. तिला त्याचा राग आला होता. परवा ती सांगत होती की आता गाताना श्वास पुरतो.

वर्धापन दिनाला वस्ताद येणार आहेत. बसायला खुर्ची पहिल्या रांगेत ठेवायची, हे त्या ज्येष्ठ उपासकांनीच ठरवलंय.